कागद पाहून खेळली म्हणे

दुर्गाबाई सोनकुसरे जिंकल्या होत्या. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण आंधळगावात अजूनही कुणाला विचारलं तर तो आधी हसतो आणि मग म्हणतो, "हो, पन कागद पाहून खेळली ना ती." हे ऐकलं की माझं डोकं तापतं. माझं वय एक्क्याऐंशी आहे. रक्तदाबामुळे राग टाळा, असं मला सांगितलेलं आहे. सकाळची गोळी घेतली आहे आणि लिहायला बसले आहे.

१९७४ च्या जूनमध्ये आम्ही आंधळगावला आलो. माझे यजमान गुरांचे डॉक्टर. मी नागपूरची, नन्सच्या शाळेत शिकलेली. आमच्या सिस्टरांनी दोन सवयी लावल्या, ताठ बसायचं आणि रोज लिहायचं. पाठ आता वाकली. वह्या सगळ्या शाबूत आहेत. पुढे जे बोलणं येईल ते बरंचसं त्या त्या दिवशीच उतरवलेलं आहे.

आमच्या भाड्याच्या घरासमोर सोनकुसऱ्यांचं घर. कोष्टी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या विणकर. त्यांची पुढची खोली रस्त्यावर उघडायची आणि त्या खोलीच्या जमिनीत एक खड्डा होता. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो, पायांनी पावड्या दाबतो आणि हातांनी आडव्या धाग्याचा धोटा फेकतो. माग त्याच्यापुढे जमिनीलगत असतो. मी पहिल्यांदा टेकचंदजींना तिथे बसलेलं पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस कमरेपर्यंत जमिनीत गेला आहे आणि तरी मजेत आहे. त्यांची बायको दुर्गाबाई बाजूला धाग्याच्या कांड्या भरत होती. कोसा म्हणजे टसर रेशीम, ते विणायला खड्डा कशाला, असं मी तिलाच विचारलं.

"कोशाचा धागा कोरडा झाला का तुटते, बाई. खाली जमिनीचा गारवा रायते. वरच्या मागावर कोसा विनून पाहा तुमी, दिवसभर गाठीच मारत बसान."

दुर्गाबाई माहेरच्या पवनीच्या. शाळा चौथीपर्यंत. त्यांचे वडील साड्यांच्या पदरांचे नमुने काढायचे, चौकडीच्या कागदावर. एक चौकोन म्हणजे एक धागा. वडील रेघ आखायचे आणि ही पोरगी पेन्सिलीने चौकोन भरायची. अठराव्या वर्षी लग्न होऊन आंधळगावला आली तेव्हा सासू नव्हती आणि सहा वर्षांचा दीर होता, मोतीलाल. त्याला तिने न्हाऊ घातलं, पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं, गोवरात मांडीवर घेऊन बसली. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मोतीलालनेच एकदा सांगितलं होतं, चांगल्या दिवसांत.

१९७७ मध्ये टेकचंदजी बैलगाडीवरून पडले. उजवा खांदा निखळला तो पुन्हा नीट बसलाच नाही. धोटा फेकता येईना. त्या घरात बाया कांड्या भरत, ताणा म्हणजे उभे धागे लावत, धाग्यांना खळ करत, पण खड्ड्यात उतरत नसत. दोन महिने माग बंद राहिला. तिसऱ्या महिन्यात दुर्गाबाई खड्ड्यात पाय सोडून बसल्या. समाजातले वडीलधारे, घनश्यामजी म्हणून होते, ते दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, हे मानसाची जागा हाये."

"मंग मानूस पाठवा," दुर्गाबाई म्हणाल्या. "तवरक मी बसतो."

माणूस कुणी पाठवला नाही. त्या बसल्या त्या बसल्याच. पाच वर्षांत त्यांची करवतकाठी साडी अशी निघू लागली की काठावरचे करवतीसारखे दाते सुईने मोजून घ्यावेत. घनश्यामजींच्या घरच्या लग्नात नवरीच्या अंगावर दुर्गाबाईंची साडी होती. तेव्हा जागा कुणाची, हे कुणी काढलं नाही.

आता मोतीलाल. तो नागपूरला टीव्ही दुरुस्ती शिकायला गेला आणि १९८८ च्या दसऱ्याला परत आला तो एक रंगीत टीव्ही आणि टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा घेऊन. डब्यात कॅसेट घालायची, हातात बटणांची पाटी धरायची. सगळे त्या पाटीला रिमोट म्हणत. मोतीलालने हे सगळं पुढच्या खोलीच्या एका कोपऱ्यात मांडलं. एका बाजूला माग, दुसऱ्या बाजूला खेळ. रोज संध्याकाळी गावातले तरुण पैसे देऊन खेळायला तिथे दाटीवाटीने बसू लागले, दुकानच झालं ते.

खेळ असा होता. निळ्या कपड्यांतला, तोंडाला फडकं बांधलेला, हातात तलवार घेतलेला एक इवलासा माणूस डावीकडून उजवीकडे पळतो. तो पळतो तसं गाव, जंगल, गुहा सगळं मागे सरकत जातं. समोरून कुत्री येतात, पक्षी येतात, भालेवाले येतात. त्यांना मारायचं किंवा चुकवायचं, खड्ड्यांवरून उडी मारायची आणि शेवटी दरवाजा गाठायचा. तीन वेळा मेलं की पुन्हा पहिल्यापासून. संक्रांतीपर्यंत गावातल्या सहा-सात जणांनी हा खेळ पूर्ण केला आणि गर्दी ओसरली. म्हणून पाडव्याला मोतीलालने दुसरा भाग आणला.

माणूस तोच, तलवार तीच. पण हा भाग क्रूर होता. मी शब्द विचार करून वापरते आहे. पहिल्या भागात वारा नव्हता. इथे तिसऱ्या दरवाज्याआधी बर्फाचा डोंगर होता आणि त्यावर वारा सुटायचा, कधी पुढून, कधी मागून. वाऱ्याविरुद्ध उडी मारली की माणूस सरळ दरीत. दरवाजे सात. तिसऱ्याच्या पुढे कुणी जाईना.

पाडव्याच्या दिवशी नारळ फोडायला मला बोलावलं होतं, डॉक्टरीणबाई म्हणून. फुटलेल्या नारळाचं पाणी हातावरून ओघळत असताना मोतीलाल वीस-पंचवीस लोकांपुढे जे बोलला ते मी घरी येऊन लिहिलं. "पूर्‍या भंडारा जिल्ह्यात दुसरा भाग पूर्ण करनारा मानूस अजून पैदा झाला नाई. जो करन तो जे मांगन ते मी देईन. देवासमोर सांगून राहिलो."

त्याच आठवड्यात त्याने वहिनीला सांगितलं की जूनमध्ये खड्डा बुजवायचा, फरशी टाकायची आणि चार टीव्ही मांडायचे.

"आन माग?"

"मांगच्या खोलीत वरचा माग टाकून देतो ना, वहिनी. आजकाल खड्ड्यात कोन बसते? एखांदं गिऱ्हाईक पडन आन पाय मोडन त्याचा."

"वरच्या मागावर कोसा होत नाई, मोतीलाल. तुले मालूम हाये."

"मंग सूत विना."

करवतकाठी कोशाची साडी विणणाऱ्या बाईला त्याने सांगितलं, सूत विण. टेकचंदजी ओसरीवर बसले होते. घर दोघा भावांचं होतं, अर्धं अर्धं, आणि त्यांना धाकट्याशी वाकडं नको होतं.

दुर्गाबाईंनी धोटा थांबवला. "तू पाडव्याले जे बोलला ते... जो करन तो. जो मनजे कोनीबी ना?"

"कोनीबी." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो इतक्या मोठ्याने हसला की रस्त्यावरचे दोघे आत डोकावले. "काहून, वहिनी? तुमी खेळता का? आइका रे, वहिनी तलवार चालवून राहिली हाये!"

सगळे हसले. तेजराम नावाचा तरुण होता, राइस मिलमध्ये कामाला, त्या दुकानातला सगळ्यात तरबेज खेळाडू. तो तेवढा हसला नाही. म्हणाला, "खेळू द्या ना. आमी तं रोजच मरून राहिलो."

लोकांना एक कळलं नव्हतं. दुर्गाबाई सहा महिने रोज तो खेळ पाहत होत्या. खड्ड्याच्या काठावर बसल्यावर त्यांचे डोळे बरोबर टीव्हीच्या उंचीला येत. हाताने विणणं चालू आणि डोळे समोर. त्यांनी मला एका दुपारी सांगितलं, "बाई, हे पोट्टे म्हनते नशीब, नशीब. नशीब कायचं? तो पक्षी रोज त्याच जागेवर येते. मानूस झाडापासून निघाला का माझे सहा धोटे फेकून होते, आन पक्षी आला. कालबी सहा. परवाबी सहा. हा तं नमुना हाये. कोनीतरी चौकडीच्या कागदावरच काढला असन."

आणि त्यांनी कागद काढला. एप्रिलचा सगळा महिना, विणता विणता, दुसऱ्याचा खेळ पाहत, त्यांनी तो दुसरा भाग चौकडीच्या कागदावर उतरवला. साडीचा काठ उतरवावा तसा, लांबच लांब पट्टी, एकाला एक कागद खळीने चिकटवलेले. खड्डा तिथे काळा चौकोन. पक्षी तिथे फुली. वाऱ्याची दिशा छोट्या रेघांनी. खाली धोट्यांची मोजणी: इथे चार थांब, इथे दोन, इथे थांबू नको. जिथवर तेजराम पोहोचायचा तिथवरचा कागद तयार व्हायचा. पुढचं स्वतः जाऊनच पाहायला हवं होतं.

मे महिन्यात त्या खेळायला बसल्या. दुपारच्या आधी, दुकानात कुणी नसताना. मोतीलाल येऊ द्यायचा, कारण त्याला गंमत वाटायची. "या, महाराणी," म्हणायचा. आंधळगावात दुपारी बाराला लाईन, म्हणजे वीज, जायची ती कधी तीनला यायची, कधी पाचला. खेळ अर्धवट असताना लाईन गेली की पुन्हा पहिल्या दरवाज्यापासून सुरुवात. दुर्गाबाई एक शिवी हासडायच्या. ती वहीत आहे, इथे लिहीत नाही. मग त्या खड्ड्याकडे जायच्या आणि विणायला लागायच्या.

मला त्यांनी बोलावलं ते इंग्रजीसाठी. दोन दरवाज्यांच्या मध्ये पडद्यावर इंग्रजी मजकूर यायचा. पोरं बटण दाबून तो पळवायची. दुर्गाबाई म्हणाल्या, "लिवलं हाये तं काही कारनानं लिवलं असन. तुमी वाचा." मी वाचून सांगत गेले. बहुतेक निरर्थक होतं, सूड आणि तलवारीची शपथ वगैरे. पण सातव्या दरवाज्यावर शेवटचा शत्रू, एक राजा, होता आणि त्याच्याआधी लिहिलं होतं की दिवा जळतो आहे तोवर राजाच्या सावलीवर तलवार उगारू नकोस. आपण जाताच वार करतो आणि मरतो. थांबायचं होतं. दुर्गाबाईंनी कागदावर लिहिलं: दिवा विझेतोवर हात बांधून.

१२ जून १९८९, सोमवार. सकाळी सात वाजता, लाईन जायच्या कितीतरी आधी, दुर्गाबाई बसल्या. कागदाची पट्टी मांडीवरून खाली, कापड जसं मागाच्या रुळावर गुंडाळतात तशी त्या एका हाताने सरकवत होत्या. मी शेजारी होते. तेजराम मिलवर जाता जाता थांबला तो थांबलाच. आणखी नऊ जण जमले. त्या तोंडातल्या तोंडात मोजत होत्या. बर्फाच्या डोंगरावर एक जीव गेला, पाचव्या दरवाज्यात दुसरा. तिसरा घेऊन त्या राजापुढे पोहोचल्या. सावली पुढे येत होती आणि निळा माणूस नुसता उभा. तेजराम ओरडला, "मारा ना, काकू! मारा!" दुर्गाबाईंनी बटणावरचं बोट उचलून हात मांडीवर ठेवला. दिवा विझला. मग तीन वार. पडदा पांढरा झाला, मग डोंगरामागून सूर्य उगवला आणि नावांची यादी वर सरकू लागली. आंधळगावात तोवर ती यादी कुणी पाहिली नव्हती.

नऊ वाजून दहा मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं.

दुर्गाबाई उठल्या, मोतीलालकडे वळल्या. "मले खड्डा पाह्यजे. जसा हाये तसा. जागेवर. मरेपर्यंत."

मोतीलालचा चेहरा मी विसरणार नाही. एक क्षण तो त्या गोवरातल्या पोरासारखा दिसला. मग म्हणाला, "कायचा खड्डा? मी कधी म्हटलं असं? मजाकमध्ये कोनी काही बोलते."

दुसऱ्या दिवशी समाजाची बैठक बसली, देवळाच्या सभामंडपात, घनश्यामजी मध्ये. ती दुर्गाबाईंनीच मागितली होती. घराचं भांडण घरात मिटवा, असं माझे यजमान म्हणाले होते. मी त्यांचं ऐकलं नाही आणि पाडव्याची वही घेऊन गेले. मोतीलालने सगळ्यांपुढे सांगितलं की त्याने तसा शब्द दिलाच नाही. मी वही उघडली आणि त्याचं बोलणं वाचलं, तारीख, वेळ, नारळ, सगळ्यासकट. दोघातिघांनी मान डोलावली, हो, असंच म्हटलं होतं यानं. घनश्यामजी म्हणाले, "मोतीलाल, शबूद तं देल्ला तू."

तिथे मी वही मिटायला हवी होती. एवढंच करायला हवं होतं मी! पण मला पुरावा पक्का करायचा होता. पूर्ण, नीटनेटका, सिस्टरांना दाखवावा तसा. मी पान उलटलं आणि बारा जूनची नोंदही मोठ्याने वाचली. "दुर्गाबाई कागदाची पट्टी मांडीवर घेऊन बसल्या आणि तिच्याकडे पाहून..."

"थांबा, थांबा," मोतीलाल म्हणाला. "कागद? कायचा कागद?"

दुर्गाबाईंनी लपवलं नाही. लपवायचं काय होतं? पट्टी घरून आणून त्यांनी सभामंडपात उलगडली. या खांबापासून त्या खांबापर्यंत गेली. लोक उठून पाहू लागले. विणकरच ते सगळे, त्यांना एका नजरेत कळलं काय आहे ते. एकाच्या तोंडून निघूनही गेलं, "अगा बापा, का काम केलं हाये."

आणि मोतीलाल म्हणाला, "मंजे हिनं नक्कल करून पास केलं! पोट्टे बिचारे आपल्या हातानं खेळून मरून राहिले, आन ही कागद पाहून खेळली. हे जिंकनं होते का?"

घनश्यामजींनी तेजरामला विचारलं. तेजराम खाली पाहत म्हणाला, "सातवा दरवाजा पार झाला. मी डोळ्यानं पाह्यलं."

"कागद होता का नाई?"

"होता. पन आमच्याच खेळावरून काढला ना तिनं. आमाले काढाले कोनी मना केलं होतं?"

"तेवढं विचारलं नाई तुले."

घनश्यामजींनी दाढी खाजवली आणि निकाल दिला. खेळ म्हणजे हाताची आणि डोळ्याची करामत. समोर कागद ठेवला की तो खेळ राहत नाही. सबब शर्त पूर्ण झाली नाही.

दुर्गाबाई उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सरकला होता, तो त्यांनी नीट केला नाही. "घनश्यामजी, तुमच्या मागासमोर का लटकवलेलं हाये?"

त्यांनी पट्टीवरून नजर काढून घेतली.

"मी सांगतो. कागद हाये. माझ्या बापाच्या हातचा हाये, पवनीहून आनलेला. पंधरा वर्षं तोच कागद पाहून तुमी पदर विनून राहिले. मंग ते बी नक्कलच ना? इथं बसलेल्या एकानं सांगावं, मी कागद न पाहता नमुना विनतो मनून. एकानं."

कुणीतरी मागे हसलं. घनश्यामजी म्हणाले, "ते काम हाये, सूनबाई. हा खेळ हाये. काम येगळं, खेळ येगळा."

मी इतकी वर्षं या वाक्याचा अर्थ शोधते आहे आणि तो मला सापडलेला नाही. तो खेळच होता तर एका खेळाच्या दुकानासाठी बाईचा माग उखडायला हे लोक कसे तयार झाले? आणि आयुष्यभर चौकडीच्या कागदावर पोट भरणाऱ्या पंधरा पुरुषांना तोच कागद बाईच्या मांडीवर दिसला की लबाडी कशी काय दिसते? त्यांच्यातल्या प्रत्येकाला खरं माहीत होतं. मी त्यांचे चेहरे पाहिले आहेत. माहीत असूनही ते गप्प बसले, आणि टेकचंदजी त्यांच्यात बसले होते.

माझ्यावरही माझा राग आहे. मोतीलालला पळवाट मी दिली, माझ्या सुवाच्य अक्षरात.

गुरुवारी दुर्गाबाई तयार साडी पोहोचवायला एसटीने भंडाऱ्याला गेल्या. त्या गेल्या आणि तासाभरात मोतीलालने मुरमाची गाडी आणली. मी खिडकीतून पाहिलं, धावत गेले, म्हणाले, त्यांना येऊ तरी द्या. मोतीलाल म्हणाला, "बाई, तुमी आता अजून काही वाचू नका." मजूर हसले. माग सोडवून मागच्या अंगणात टाकला, अर्धी विणलेली साडी त्यावरच गुंडाळून, ताण्याचे धागे मधूनच कापलेले. खड्ड्यात मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसाने ठोकला. दुपारी चारला तिथे चार स्टूलं मांडून लोक खेळत होते.

दुर्गाबाई साडेचारला परतल्या. दारात उभ्या राहिल्या. टेकचंदजी ओसरीवर होते, सकाळपासून होते.

"तुमी इथंच होते?"

"मोतीलाल माझा भाऊ हाये," ते म्हणाले.

"आन मी?"

दुर्गाबाई अंगणात गेल्या, माग पाहिला, कापलेल्या धाग्यांवरून एकदा हात फिरवला. मग शेजारून सब्बल, म्हणजे पहार, मागून आणली, पदर कमरेला खोचला आणि पुढच्या खोलीत येऊन स्टुलांच्या मधोमध सब्बल मारली. पहिल्या दणक्याला एकाच्या हातातला रिमोट पडला.

"वहिनी! पागल झाल्या का तुमी? गिऱ्हाईक बसून हाये!"

"बसू दे."

"मी पोलिसात जाईन!"

"जा. ठानेदाराले सांगजो, माझी वहिनी आपल्याच घरात बसाची जागा करून राहिली. अर्धं घर तुझ्या भावाचं हाये ना? हे अर्धं माझं. तुझं अर्धं त्या बाजूनं हाये, तिथं खेळ."

मी रस्ता ओलांडून गेले. काय बोलायचं ते मी मनात तयार केलं होतं. "दुर्गाबाई, माझी चूक झाली. मी ते पान वाचायला नको होतं. मला माफ..."

"माफी मंग मांगा, बाई. आता घमेलं धरा."

मी घमेलं धरलं. इस्त्रीच्या साडीत, सत्तेचाळिसाव्या वर्षी, सगळ्या आंधळगावासमोर मी मुरमाची घमेली रस्त्याच्या कडेला ओतली. माझे यजमान दवाखान्यातून येता येता थांबले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते घरात गेले. तेजराम आला, त्याने सब्बल मागितली. दुर्गाबाईंनी दिली नाही. "तू माती काढ," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी टेकचंदजी खाली उतरले आणि डाव्या हाताने माती उपसू लागले. दुर्गाबाईंनी त्यांना हटकलं नाही आणि महिनाभर त्यांच्याशी बोलल्याही नाहीत.

मोतीलाल पोलिसात गेला नाही. उपसलेल्या मुरमापाशी, उघड्या खड्ड्याच्या तोंडावर बसून खेळायला कुणी येईना. पंधरा दिवसांत त्याने दुकान बसस्टँडजवळ हलवलं. तिथे त्याने भिंतीवर काय लावलं होतं ते तेजरामने मला येऊन सांगितलं. दुर्गाबाईंच्या पट्टीची नक्कल, दरवाजा क्रमांक एक ते सात. ज्याला हवी त्याने पाहून खेळावं! बैठक काही बसली नाही त्यावर. घनश्यामजी रोज त्याच रस्त्याने जात.

खड्डा दोन दिवसांत झाला, बाजू मातीने लिंपून सुकायला आठ दिवस लागले. खरं काम पुढे होतं. कापलेला ताणा सांधायचा, एकेक धागा एकेका धाग्याला. अकरा दिवस दुर्गाबाई गाठी मारत बसल्या. बोटांच्या टोकांची सालं निघाली. बाराव्या दिवशी त्यांनी पाय पावड्यांवर ठेवले, धोटा उचलला आणि फेकला. मी टाळी वाजवली. वाजवायला नको होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले आनंद झाला, बाई?"

"म्हणजे... माग सुरू झाला ना, दुर्गाबाई."

"माझ्याच घरातला माझाच खड्डा मी आपल्या हातानं दुसऱ्यांदा खनला. जितली तवा भेटला नाई, खनला तवा भेटला. यात आनंद कायचा?"

आणि दुसरा धोटा त्यांनी इतक्या जोरात मारला की तो पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळला. मी उठले, उचलून आणून दिला. त्यांनी माझ्याकडे न पाहता हात पुढे केला.